दलाल उठला की भाव पडतो

अवघड जागेचे दुखणे म्हणतात ते आमच्या घरात कापसाच्या तेजीत आले. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा लढाईने तिकडचा कापूस अडला होता आणि विलायतेच्या गिरण्यांना आमचा वऱ्हाडचा कापूस एकाएकी गोड लागू लागला होता. माझे वडील अकोल्याच्या बाजारात दलाल होते. साठी उलटलेली, आवाज खणखणीत, आणि शब्द असा की अमरावतीकडचे लोकही माल घेऊन त्यांच्याकडे येत. मी तिशीचा, त्यांच्या हाताखाली शिकणारा. त्यांच्यापेक्षा मला जास्त कळते, असा माझा समज होता.

आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आणि घेणारा उपरण्याखाली हात घालत आणि बोटे दाबून भाव ठरवत. भोवतीची माणसे त्या दोघांचे चेहरे वाचत उभी राहत. हात आत असेपर्यंत कोणी जागचे हलायचे नाही, ही रीत. त्या हंगामात वडील हलू लागले. सौदा ऐन रंगात आला की ते हात काढून घेत आणि वखारीमागे जात. तिथे कितीतरी वेळ उभे राहत. धार बारीक, तीही तुटक. परत येत ते चेहरा ओढलेला घेऊन, आणि घटकाभरात पुन्हा उठत.

बाजाराने त्याचा भलताच अर्थ लावला. तो बाजार चालायचा बातमीवर, आणि लढाई थांबल्याची आवई रोज उठायची. दलाल मध्येच उठला म्हणजे त्याला आतली खबर लागली, भाव पडणार, असे कोणीतरी म्हणाले आणि सगळ्यांनी ते धरून ठेवले. एका सकाळी वडील उठले आणि पाच-सहा शेतकऱ्यांनी घाबरून मिळेल त्या भावाला माल सोडला. वडील वखारीमागून परत आले तेव्हा त्यातला एक म्हातारा रिकाम्या गाडीच्या जुवावर डोके टेकून बसला होता. माणसाच्या लघवीने बाजार हलतो म्हणून मी घरी येऊन पोट धरून हसलो. वडील हसले नाहीत.

"माह्या उठण्यानं लोकायचं नुकसान होऊन राह्यलं," ते म्हणाले. "आता मी उठत नाही."

वैद्यांनी त्यांना आधीच बजावले होते. म्हातारपणी पुरुषाच्या ओटीपोटात, लघवीच्या वाटेवर गाठ वाढते. कोणाची कमी, कोणाची जास्त, त्यात लाज कसली, असे ते म्हणाले होते. सराट्याचा काढा घ्या, पळसाच्या फुलांचा शेक घ्या, पण आलेली लघवी अडवू नका आणि पाणी तोडू नका. वडिलांनी काढा घेतला, शेकही घेतला, आणि नेमक्या शेवटच्या दोन गोष्टी ऐकल्या नाहीत. बाजाराच्या दिवशी पहाटेपासून ते पाण्याला शिवत नसत. ओठांना भेगा पडल्या. तरी उठावे लागायचेच.

मग मी शहाणपणा केला. अफूने लघवी बांधली जाते, असे मी गाडीवानांकडून ऐकले होते. मी हरभऱ्याएवढी गोळी आणली.

"बाबा, हे घ्या. दिवसभर उठा लागनार नाही."

त्यांनी गोळी हातात धरून थोडा विचार केला. "तुह्या मायले सांगू नको," म्हणाले, आणि घेतली.

गोळी लागू पडली. आठवडाभर वडील जागचे न हलता सौदे करत राहिले आणि मला स्वतःचे फार कौतुक वाटले. रोगापेक्षा औषध भयंकर, ही म्हण मी तोपर्यंत दुसऱ्यांनाच ऐकवत होतो. मग एका संध्याकाळी ते वखारीमागे गेले आणि थेंबही आला नाही.

सकाळी त्यांचे पोट बेंबीपर्यंत टणक झाले होते. वैद्यांनी हात लावला आणि लगेच काढला.

"हे माह्या हातचं नाही राह्यलं. नदीपल्याड सरकारी दवाखान्यात न्या. सायबापाशी नळी हाय."

परका माणूस, आणि त्या जागी नळी! वडील नकाराची मान हलवत राहिले. कळा बघवेनात म्हणून मी त्यांना आणखी एक गोळी दिली, या वेळी मोठी. दुपारी नाही म्हणायचेही त्राण उरले नाही, तेव्हा बाजेवर घालून आम्ही चौघांनी त्यांना मोर्णा नदीतून पलीकडे नेले. पाणी पोटरीएवढेच होते. काठावर कापसाच्या गाड्या थांबल्या होत्या. वडिलांना बाजेवर पाहून गाडीवानांत आता भाव पडणार, अशी कुजबुज सुरू झाली. मला त्या सगळ्यांचा राग आला.

साहेबांनी वाकडी चांदीची नळी तेलात बुडवली. वडिलांनी माझे मनगट घट्ट धरले. एक भांडे भरले, दुसरे आणावे लागले, आणि माझे वडील माझ्यासमोर पहिल्यांदा रडले.

"सुटलो रे बापा," ते म्हणाले.

साहेब बोलत गेले आणि पुण्याकडचा कंपाउंडर आम्हाला मराठीत सांगत गेला. मूत्राशयाच्या तोंडाशी एक गाठ असते, ती उतारवयात फुगते आणि पखालीचे तोंड आवळावे तशी वाट आवळते. ती कापून काढता येत नाही. तुंबलेले पाणी मागे गुर्द्यांपर्यंत गेले आहे. रोज नळी घालू, वाचतीलही.

"आजोबा, साहेब तुम्हाला कळा थांबायचं औषध देणार आहेत," तो शेवटी म्हणाला. "अफू घेतली असेल तर सांगा. मग हे द्यायचं नाही."

वडिलांनी माझ्याकडे पाहिले.

"नाही," ते म्हणाले. "कधी शिवलो बी नाही."

ते माझ्यासाठी खोटे बोलले, हे मला तिथेच कळले. आता मी तोंड उघडले तर ते चारचौघांत खोटे ठरतील, असे मी मनाची समजूत घातली. खरे म्हणजे ठपका माझ्यावर येईल, याची मला भीती वाटत होती. कंपाउंडरने तांबूस औषधाचा पेला आणला. त्याचा वास आला आणि त्यातही अफूच आहे हे मी ओळखले. वडील दोन घोटांत प्याले.

दिवस मावळताना साहेब पुन्हा आले. वडिलांचा श्वास चालू होता, पण दोन श्वासांमध्ये फार वेळ जात होता. साहेबांनी पापणी उचलून डोळा पाहिला. मग माझ्याकडे वळून, कंपाउंडरला मध्ये न घेता, त्यांनी मोडक्या हिंदुस्थानीत विचारले, "अफीम दिया था?"

मी म्हणालो, "नहीं, साहब."