वर केलेला पंजा

शेवटचं आम्ही नवरा-बायकोनं मिळून काही केलं ते म्हणजे तिच्या नाकाचं मशीन लावणं. रोजचंच काम. संध्याकाळचा चहा झाला की ती भिंतीला टेकून बसायची. मी मशीनच्या वाटीत दवा ओतायचो, तिच्या नाकावर मास्क लावायचो आणि बटण दाबायचो.

लिंबायतच्या लूमखात्यात आम्ही जन्म काढला. मी माग चालवायचो, ती कांड्यांवर सूत भरायची. सुताची धूळ खाऊन खाऊन तिच्या नाकात मांस वाढलं. डॉक्टर म्हणाले, दोन महिने ही दवेची वाफ घ्या, ऑपरेशनचं मग बघू. वास तर तिला कशाचाच येत नव्हता. म्हणायची, "तुमना बिडीना वास येत नही, तेच बरं शे."

खात्यात आवाजापुढे बोललेलं ऐकू येत नाही. तिथे सगळं हातानं. पंजा वर केला म्हणजे माग बंद कर. का म्हणून विचारायचं नाही, आधी बंद करायचा. कोणाचं बोट अडकलं असेल, काय सांगावं. ती सवय घरीही आली. माझे कान तसेही गेलेले. मशीन घरघरायला लागलं की ती बोलायचीच नाही, हात करायची.

तिला त्या वाफेचा कंटाळा. दोन मिनिटं झाली की पंजा वर. मी म्हणायचो, "नाटकं करू नको, दवा बाकी आहे." मग डोळे वटारून बसायची.

त्या संध्याकाळीही पंजा वर केला. मी धरून खाली दाबला. तिने पुन्हा केला. मी पुन्हा दाबला. म्हटलं, "बसा गप, शेठाणी." दवा संपेपर्यंत मशीन चालू ठेवलं. नंतर ती उठली. भाकरी टाकल्या, स्वतः अर्धी खाल्ली आणि झोपली.

खात्यात कोणाचाही पंजा दिसला की माझा हात आपोआप हँडलवर जायचा. कधी चुकला नाही. बायकोचा दोनदा दिसला.

सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर आले, म्हणाले, झोपेत हृदय बंद पडलं, वाफेचा काही संबंध नाही. त्यांना पंजाचं कुठे माहीत होतं? मुलानं विचारलं, "आबा, काल दवा घेतली होती ना आईनं?"

"पूर्ण घेतली," मी म्हटलं.

मग गल्लीतल्या बाया जमायच्या आत मी मोरीत गेलो. दवेची वाटी गरम पाण्यानं धुतली आणि रोजच्यासारखी रुमालावर पालथी घातली.