आधी खांब, मग काठी

निहारिका पुराणिक मल्लखांबावर चढली की उज्जैनच्या आखाड्यातली बडबड आपोआप थांबायची. राष्ट्रीय सुवर्णपदक घरी आलं तेव्हा ती अजून शाळेत शिकत होती. भय्यासाहेब वस्तादांनी तिच्याकडून एकच धडा घोटून घेतला होता, काहीही झालं तरी पकड सुटता कामा नये.

पण मल्लखांब ऑलिंपिकमध्ये नाही. हे कुसळ तिच्या मनात टोचत राहिलं, आणि एक दिवस ती नानाखेड्याच्या मैदानावर पोल व्हॉल्ट शिकायला गेली.

काठी घेऊन ती धावे, घारीसारखी वर जाई, आणि आडव्या दांडीपाशी काठी सोडायची वेळ आली की बोटं घट्ट मिटत. "छोड़, अब तो छोड़!" खालून कोच ओरडायचे, आणि दांडी पडायची. हात सोडायला शिकण्यात वर्षं गेली. शिकली तोवर बरोबरीच्या मुली फार पुढे गेल्या होत्या.

मग ती आखाड्यात परतली. भय्यासाहेबांनी एरंडेलाची वाटी पुढे केली.

"पाहुणी आलीस की घरची?"

"घरचीच, वस्ताद."

तेल लावलेल्या खांबावर ती जुन्याच झोकात चढली. टोकाशी डोकं खाली, पाय वर केले, आणि तिथे काही कळायच्या आत हात आपसूक सुटून ती खालच्या गादीवर आदळली.

"लागलं का गं?"

"नाही." गादीवर बसून ती आपल्या तळव्यांकडे बघत होती. "पण वस्ताद, हे हात आता ना इथले राहिले, ना तिथले."

भय्यासाहेबांनी खांब पुसला आणि पुढच्या मुलीला हाक मारली.