दगडाबाईंचा अळू

चहाला आधण आलं होतं आणि देवदत्तराव नव्या बाथरूममधून ओरडत होते.

"अगं, गरम पाण्याचं कसं करायचं? नळ डावीकडे पिळला तरी गार, उजवीकडे पिळला तरी गार!"

"पिळायचा नाही, आधी वर उचलायचा," अनसूयाने ओट्यापाशी उभं राहूनच सांगितलं. "मग डावीकडे."

आतून सरसर पाणी सुटल्याचा आवाज आला, पाठोपाठ एक आरोळी आणि मग समाधानाचा लांब हुंकार. अनसूयाला हसू आलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हा माणूस पहिल्यांदाच कुणाचा हात न धरता आंघोळ करत होता. जुन्या बाथरूममध्ये त्यांना ते शक्यच नव्हतं. घर बांधलं तेव्हाच्या पिवळट टाइल्स, खाली बसायचं भांडं, बुळबुळीत मोरी. कृष्णात मिस्त्रीने सगळं फोडून काढलं आणि खरबरीत फरशी, कमोड, भिंतीला धरायला दांडे, असं नवंकोरं करून दिलं.

तेवढ्यात परसदाराची कडी वाजली.

अनसूयाचं हसू गेलं. परसदाराची कडी वाजवणारं एकच माणूस होतं. कालपासून तिने मागचं दार उघडलंच नव्हतं, ते त्याच माणसाला टाळायला.

दारात दगडाबाई उभ्या होत्या. पदर डोक्यावर, हात रिकामे. त्या कधी रिकाम्या हाताने येत नसत.

दगडाबाई मूळच्या जतकडच्या. आधीची तीन भावंडं दगावली म्हणून आईने हिचं नाव दगडी ठेवलं, म्हणजे कुणाची नजर लागू नये. दगडी जगली. तिच्या गावात टँकर यायचा तेव्हा बायका घागरी घेऊन धावायच्या. घमेल्यात एकेक पोर उभं करून अंघोळ घालायची आणि घमेल्यातलं पाणी म्हशीला नाहीतर दारातल्या झाडाला. लग्न होऊन कऱ्हाडला आल्यावर एवढी मोठी नदी बघून त्या म्हणे रडल्याच होत्या. नवरा साखर कारखान्यात होता. तो गेल्यावर अनसूयाच्या परसामागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या आणि परसाच्या भिंतीतल्या भोकातून येणाऱ्या अनसूयाच्या मोरीच्या पाण्यावर त्यांनी अळू लावला होता. पानं अशी, की एका पानात ताट झाकावं. भाजी मंडईत जायची आणि गौरीच्या जेवणाला आख्ख्या आळीच्या अळूवड्या त्याच वाफ्यातल्या.

त्या पाण्याचा दोघींचा एक रिवाज होता. मोरीत फिनेल किंवा धुण्याचा सोडा ओतायचा असला, की अनसूया भिंतीवरून आधी हाक मारायची, "दगडाबाई, दारं मोडा!" मग दगडाबाई खुरपं घेऊन शेतातल्या पाटासारखा मातीचा बांध फोडायच्या, पाणी रस्त्याच्या गटाराकडे वळवायच्या आणि वाफा वाचायचा. सून म्हणून या घरात आल्यापासून अनसूया ही हाक कधी विसरली नव्हती.

परवा मात्र तिने ती मारली नाही.

ती विसरली नव्हती. नव्या फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला कृष्णातने ॲसिडची बाटली उघडली, तेव्हा त्याने विचारलंसुद्धा, "मागं मावशीस्नी सांगू का?" "मी सांगते," अनसूया म्हणाली. भिंतीपाशी गेलीही. पण परसात नवा पाइप आडवा पडला होता. सगळं सांडपाणी एकाच पाइपातून पुढच्या गटाराला न्यायचं ठरलं होतं. "मोरीचं येगळं काढायचं म्हंजे परत खोदाई. हल्ली कोन करतंय असलं?" असं कृष्णात म्हणाला आणि अनसूयाने मान डोलावली होती. हाक मारली असती तर दगडाबाई भिंतीपाशी आल्या असत्या, पाइप बघितला असता आणि "ह्यो कशाला?" असं विचारलं असतं. ते उत्तर आज नको, उद्या देऊ, असं म्हणून ती परत फिरली. "भरपूर पाणी ओत रे," एवढंच कृष्णातला सांगितलं. काल पाइप जोडूनही झाला.

"वैनी, याक वंगाळ झालं," दगडाबाई दारातच म्हणाल्या.

"आत तरी या," अनसूया कशीबशी म्हणाली.

"यंदा गौरीला पानं न्हाई मिळायची तुमास्नी. समदा अळू करपला बगा."

अनसूयाने चहाचं पातेलं उतरवलं. ओट्यावर ते जरा जास्तच जोरात आपटलं.

"माझीच हाव नडली," दगडाबाई पायरीवर टेकत म्हणाल्या. "त्यो अर्जुना न्हाई का, कडेगावास्नं येतोय भाजी न्यायला? म्हनला, मावशे, मूठभर युरिया टाक, सणाला पानं सुपाएवढी हुतील. कवा टाकला नव्हता जन्मात. टाकला आन् दुसऱ्या दिशी पानं भाजल्यावानी! काल त्याला मंडईत असल्या शिव्या हासडल्या, का पाटी तितंच टाकून पळाला. पर त्याला काय बोलायचं? टाकला मीच न्हवं?"

आता बोलावं. अनसूयाच्या जिभेवर शब्द आलेही. मग मनातला दुसरा आवाज म्हणाला, त्यांना युरियाच वाटतंय तर वाटू दे ना. कुणाचं काय बिघडतंय? तिने चहात साखर घातली आणि ढवळत राहिली, साखर विरघळून गेली तरी.

"चव बिघडली काय वैनी आज?" दगडाबाई घोट घेत म्हणाल्या. "निसता पाक!"

साखर दोनदा पडली होती.

एवढ्यात देवदत्तराव ओल्या केसांनी, खुशीत बाहेर आले. "दगडाबाई! अहो, सगळी आळी बघून गेली, तुम्हीच राहिलात. या, बघा तरी आमचा महाल!"

"अहो, त्यांना घाई असेल..." अनसूया म्हणाली.

"कसली घाई? अळू तर मेला," म्हणत दगडाबाई उठल्यासुद्धा.

त्या उंबऱ्यातच थांबल्या. पाय कोरडे आहेत ना, हे बघून मग आत गेल्या. टाइल्सवरून हात फिरवला, दांडा धरून बघितला. "यव्वा! दादा, असं आमाला मिळालं तर आमी भाईरच यायचं न्हाई." देवदत्तराव खूश झाले. मग दगडाबाईंनी खाली वाकून फरशीवरची चकचकीत जाळी बघितली आणि जतच्या बाईने विचारावं तेच विचारलं.

"आनि हे पानी जातंय कुटं?"

"थेट पुढच्या गटारात!" देवदत्तराव म्हणाले. "परसात आता थेंब नाही. चिखल नाही, डास नाही."

दगडाबाई वाकल्या होत्या, तशाच राहिल्या. मग सावकाश सरळ झाल्या आणि देवदत्तरावांकडे नाही, अनसूयाकडे बघितलं.

"मी म्हनलं, काम चाललंय तवर पानी येत नसंल," त्या हळूच म्हणाल्या.

अजूनही युरियाची सबब शिल्लक होती. तेवढ्यावर भागलं असतं. पण ती नजर अनसूयाला झेपेना.

"पानं युरियाने नाही जळली," ती म्हणाली. "परवा ॲसिडने फरशी धुतली. मी हाक मारली नाही."

"इसरला व्हय?"

"नाही." अनसूया म्हणाली. "पाइपाचं सांगायला लागेल, म्हणून मारली नाही."

देवदत्तराव टॉवेल खांद्यावर टाकून गुपचूप हॉलमध्ये गेले.

"आवं वैनी!" दगडाबाईंचा आवाज एकदम चढला. "राती डोळ्याला डोळा न्हाई माझ्या! सोताला कोसतीया, का हाव केली, हाव केली. त्या अर्जुनाचा बाप काढला मी मंडईत! आन् तुमी हितं बसून मला चा पाजताय, त्यो बी पाकावानी?"

"चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. फरशी तुमची, पाइप तुमचा. पर हाक माराया काय पैसं पडत हुतं?"

अनसूया घाईघाईने म्हणाली, "गौरीची पानं मी मंडईतून आणीन, सगळ्या आळीला वाटीन. अर्जुनालाही मीच सांगते. वाफ्याचं जे नुकसान झालं असेल..."

"नुकसान!" दगडाबाईंनी हात झटकला. "पानं गेली म्हनून अळू जात न्हाई. खाली गड्डं हायती. खुरपून बगितलं मी सकाळी, कडाक हायती. पानी मिळालं तर म्हयन्यात कोंब येत्याल. न्हाई मिळालं तर मातूर संपलं."

त्या परसदारापर्यंत गेल्या, पायात चपला सरकवल्या. राग अजून चेहऱ्यावर होता, पण आवाज खाली आला होता. जाता जाता वळून त्या म्हणाल्या,

"संडासाचं जाऊ द्या कुटं जायचं तिकडं. आंगूळीचं पानी तेवढं माझ्याकडं सोडा, वैनी."