एकशे सदतीस सेंटिमीटर सावली

माझ्या मुलीने अकराव्या वर्षी पृथ्वी मोजायला घेतली आणि त्यात घाण केली ती मी.

तेव्हा आम्ही आयर्लंडमध्ये कासलबारला राहत होतो. बायको हॉस्पिटलात डॉक्टर, मी त्याच मेयो जिल्ह्यातल्या एका औषध कारखान्यात क्वालिटी विभागात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलीने एका ग्रीक माणसाचा प्रयोग निवडला होता. हा गृहस्थ अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख. एकाच दिवशी भर दुपारी दोन गावांतली सावली वेगवेगळी पडते, म्हणजे जमीन वाकडी आहे, हे त्याने ओळखलं. सावल्यांवरून कोनातला फरक काढला, दोन गावांमधलं अंतर घेतलं आणि सव्वादोन हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचा घेर सांगून टाकला. मुलगी या माणसावर फिदा होती. वर्गातली बाकी पोरं सोड्याचे ज्वालामुखी करत होती.

तिला दोन गावं हवी होती. एक कासलबार, दुसरं विटा, कारण विट्याला माझे वडील होते. आबा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेले. नातीने काम सांगितल्यावर त्यांनी गच्चीवर मीटरभर उंचीची काठी ओळंबा लावून उभी केली आणि रोज दुपारी सगळ्यात आखूड सावली मोजून फोन करायला सुरुवात केली. कधी बत्तीस सेंटिमीटर, कधी एकतीस. त्यांच्याकडे ऊन फुकट होतं. आमच्याकडे मार्च महिना होता.

दोन्हीकडची सावली एकाच दिवसाची लागत होती. बुधवारपासून आमच्या डोक्यावरचे ढग हलले नव्हते. शुक्रवारी भुरभुर, शनिवारी धो धो. प्रदर्शन सोमवारी होतं, आणि ज्याचे आकडे पूर्ण नाहीत त्याला टेबल मिळणार नाही, असं शाळेने आधीच कळवलं होतं. मुलगी जेवताना खिडकीकडे बघायची आणि घास तसाच ठेवायची. मी तिच्यावर दोनदा ओरडलो. खरं तर मला आकाशावर ओरडायचं होतं.

इथे माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. आमच्या धंद्यात न घेतलेलं रीडिंग लिहिणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. त्याच जानेवारीत एका कामगाराने फ्रिजचं तापमान न बघताच तक्त्यात भरलं होतं आणि चौकशी माझ्याकडे आली होती. मंदी ऐन भरात होती, गावात दर आठवड्याला कुणाची तरी नोकरी जात होती. तो मला म्हणाला, आकडा तर बरोबरच निघाला ना. मी त्याला म्हणालो, बरोबर असण्याचा इथे काही संबंध नाही. अहवालावर मी सही केली आणि तो कायमचा घरी गेला. मला त्या रात्री शांत झोप लागली होती.

रविवारी बायको ड्युटीवर होती. मागच्या अंगणातल्या फरशीवर आम्ही बारापासून काठी रोवून उभे होतो. कासलबारला सूर्य सगळ्यात वर येतो तो पाऊण वाजता, हे आम्ही आधीच काढून ठेवलं होतं. विट्याचा आकडा सकाळीच आला होता, एकतीस. साडेबारा झाले. पोरीचे हात लालभडक झाले होते. एक वाजायला वीस मिनिटं कमी असताना मी तिला हातमोजे आणायला आत पाठवलं, आणि तेवढ्यात ढग जरा पातळ झाले.

सावली पडली नाही. फरशी थोडी उजळली, बस्स. काठीच्या पायाशी काहीतरी आहे असं वाटलं आणि डोळे बारीक करून बघेपर्यंत तेही गेलं. पण किती यायला हवं ते मला ठाऊक होतं. नकाशात अक्षांश होते, घरात कॅल्क्युलेटर होता, आदल्या रात्रीच मी हिशोब करून बसलो होतो. मी टेप धरली, एकशे सदतीसवर खडूने रेघ मारली आणि तिला हाक मारली.

ती एक हातमोजा घालून धावत आली. सावली कुठेय हेसुद्धा तिने विचारलं नाही. खडूची रेघ बघितली आणि रडायलाच लागली, आनंदाने. त्या क्षणी सांगता आलं असतं. मी तिचं नाक पुसलं आणि वही आणून दिली.

उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या, म्हणजे खऱ्या घेराच्या, इतकं जवळ आलं की ती खुर्चीवर उभी राहून नाचली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच कुणीतरी करून ठेवली असावी. संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

सोमवारी अर्धी रजा टाकून शाळेत गेलो. परीक्षक एक म्हातारे निवृत्त शिक्षक होते. तिने सगळं न अडखळता सांगितलं. त्यांनी मान डोलावली, वही उलटली, तारीख बघितली आणि म्हणाले की रविवारी ते दिवसभर बागेत होते, ऊन काही दिसलं नाही बुवा. आवाजात संशय नव्हता, नुसतं नवल होतं.

मुलगी लगेच म्हणाली, "सावली माझ्या बाबांनी मोजली. ते त्यांचं कामच आहे. न बघता लिहिलं तर नोकरी जाते."

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच वाट काढून दिली. इथलं हवामान असंच, या गल्लीत ऊन नि त्या गल्लीत पाऊस, ग्रँड, ग्रँड, म्हणजे छान छान, म्हणत त्यांनी पेन उघडलं. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. ती माझ्याकडे वर बघत होती, जरा मिरवतच.

"ऊन नव्हतं," मी म्हणालो. "आकडा मी लिहिलाय. हिला माहीत नाही."

त्यांनी पेन बंद केलं. तिने विषय फार छान समजावला, असं म्हणून ते पुढच्या टेबलाकडे गेले. पोरीने तक्ता स्वतः उतरवला, गुंडाळला, रबर लावलं. मला हात लावू दिला नाही.

गाडीत ती इंग्रजीत, बाहेर बघत म्हणाली, "ऊन नव्हतं असं मी लिहिलं असतं. मला टेबल नसतं मिळालं, एवढंच." मला तिची माफी मागायची होती. घर आल्यावर मागितली, ती तिने ऐकून घेतली, बस्स. त्यानंतर तिने गृहपाठातलं काही मला विचारलं नाही. आईच्या ड्युट्या संपायची वाट बघायची. बायको मला म्हणाली, आता धीर धर.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आठला आबांचा फोन आला.

"पोरीला दे," ते म्हणाले. "आज काठीला सावलीच न्हाई म्हणावं."

विट्याला सूर्य थेट डोक्यावर होता. म्हणजे आता आमच्याकडची एकच सावली मोजली की झालं, आणि कासलबारवर त्या दिवशी ढगाचा ठिपका नव्हता. दीडच्या सुमाराला ती काठी घेऊन अंगणात गेली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. सावली धारदार पडली होती. चौऱ्याहत्तर यायला हवी होती, मला तोंडपाठ होतं. काठी किंचित कललेली मला तिथूनही दिसत होती. मी एक पाऊल बाहेर टाकलं.

तिने वर न बघता टेप ताणली. "बाबा, तू थांबलास तरी चालेल," ती म्हणाली. "पण किती यायला हवं ते सांगू नकोस."

मी होतो तिथेच उभा राहिलो. तिने तीनदा मोजलं आणि एकाहत्तर लिहिलं.