वर्षभराच्या देशाची बास्केटबॉल टीम

आमच्या टीमचे किस्से मी कधी गोळा केले नाहीत. पत्र्यावर पाला साचतो तसे ते आपोआप साचत गेले. कुणी नुसतं विचारलं, "तुम्ही म्हणे बास्केटबॉल खेळायचा?" की घरातले चहा ठेवायला उठतात. त्यांना ठाऊक असतं, म्हातारा आता लवकर थांबत नाही!

आधी कोण कुणाचं ते सांगतो. सत्तेचाळीस साली इंग्रज गेले, पण आमचं हैदराबाद संस्थान हिंदुस्थानात सामील झालं नव्हतं. वर्षभर तो वेगळा देशच होता म्हणा ना! त्या देशाच्या टीममध्ये आम्ही बिदरचे तिघं होतो. कॅप्टन हबीब, शेजारच्या कमठाणे गावचा मल्लप्पा आणि मी. आमच्या शाळेचे ड्रिलमास्तर नरसिंगराव हे टीमचे मॅनेजर. मास्तरांना काळजी करायचा आजारच होता. कारण नसलं की जास्तच बळावायचा!

*

आमच्या शाळेत रिंग नव्हती. मास्तरांनी लोहाराकडून बैलगाडीच्या जुन्या लोखंडी पट्टीची करून घेतली. ती झाली अरुंद. बॉल नेमका मधोमध पडला तरच खाली यायचा, नाहीतर अडकून बसायचा. मग ढकला काठीनं! आम्ही त्याच रिंगवर खेळ शिकलो.

निवडीसाठी हैदराबादला गेलो, तर मल्लप्पा तिथल्या रिंगखाली मान वर करून उभाच राहिला.

"मास्तर, ही रिंग हाय का हीर?"

त्या दिवशी आम्ही विहिरीत दगड टाकावा तसे बॉल टाकले! तिघंही निवडले गेलो. आम्ही नाचायला लागलो. मास्तर एका बाजूला घाम पुसत उभे.

"लई सोपं झालं रे. कायतरी घोटाळा हाय!"

*

मल्लप्पाचे अप्पा मोठे शेतकरी. पोराला पाठवा म्हणून विनवायला मास्तर आणि मी कमठाण्याला गेलो.

"पोरगं देशाकडनं खेळणार हाय," मास्तर म्हणाले.

अप्पांनी शांतपणे विचारलं, "कुठल्या देशाकडनं?"

"आपल्या."

"आपला म्हंजी कुठला?"

मास्तर उठले. दार लावलं. खिडकी लावली. परत येऊन बसले आणि अप्पांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "सध्या तेवढं सोडून काय बी इचारा!"

*

सोलापूरच्या एका क्लबानं मैत्रीच्या सामन्याला बोलावलं. हैदराबाद आणि हिंदुस्थानच्या वाटाघाटी तेव्हा चालू होत्या, पण हद्दीवर माणसं एकमेकांकडं बघायची ती बंदुकीच्या नळीवरूनच. नाक्यावर शिपायानं आमची मोटार अडवली.

"पिशवीत काय हाय?"

मास्तरांनी बॉल काढून दाखवला. तेव्हाचा बॉल जाड चामड्याचा, वादीनं आवळलेला, हातात जड लागणारा. शिपाई दोन पावलं मागं सरला.

"उसवा त्याला. आत काय भरलंय बघू."

टीमकडं बॉल तेवढा एकच! शिपाई बंदूक खाली करायला तयार नाही. तेवढ्यात हबीब हसत म्हणाला, "जमादारसाब, पकडो!" आणि त्यानं बॉल सरळ शिपायाच्या अंगावर टाकला.

मास्तरांनी डोळेच मिटले. शिपायानं बंदूक बगलेत मारली आणि दोन्ही हातांनी बॉल झेलला! हलवला. कानाशी धरला. भीतभीत जमिनीवर टाकला. बॉल उसळला. त्यानं पुन्हा टाकला. मग जरा जोरात आपटला. मग पळत पळत!

ऊन डोक्यावर आलं तरी गडी बॉल सोडेना. शेवटी मास्तरच हात जोडून म्हणाले, "बाबा, पायजे तर उसव, पर दे आता!"

*

सोलापूरला सामना पाहायला तुडुंब गर्दी, त्यात जो तो आम्हाला शॉट कसा मारायचा ते ओरडून शिकवणारा. यजमानांनी हौसेनं बँडवाले आणले होते. सामन्याआधी पाहुण्यांच्या देशाचं गाणं वाजवायची पद्धत आहे, असं त्यांनी कुठंतरी ऐकलेलं.

"कुठलं वाजवू?" बँडवाल्यानं विचारलं.

मास्तरांनी गर्दीकडं पाहिलं. आमच्या दरबाराचं गाणं वाजलं तर इथले लोक दगड मारतील. इथलं वाजलं तर परत गेल्यावर आमचे लोक आत टाकतील!

"तुम्हाला चांगलं येतं ते वाजवा," मास्तर कसंबसं म्हणाले.

बँडवाल्यांना चांगली येत होती ती वरातीची धून. ती सुरू झाली. आम्ही छाती काढून ओळीत उभे. मास्तर सॅल्यूट ठोकून, डोळ्यांत पाणी. गर्दीसुद्धा उठून उभी राहिली!

हबीब ओठ न हलवता म्हणाला, "मास्तर, नवरी किधर है?"

*

पुढं दिवस बिघडले. खाकी कपडे घातलेली एक टोळी आमच्याच मैदानावर भाले घेऊन कवायत करायला लागली. गावोगावचे लोक घरं सोडून हद्दीपलीकडं जायला लागले. एका संध्याकाळी टोळीचा म्होरक्या हबीबजवळ आला.

"कॅप्टन, तेरे जैसा जवान हमारे में होना. कब आता?"

हबीब बॉलची वादी आवळत होता. त्यानं वर पाहिलंच नाही. "नक्को भाई. मेरे कने टैम नै. प्रॅक्टिस है."

म्होरक्यानं भाल्याचं टोक बॉलवर टेकवलं, दाबलं. बॉल फुस्स करून बसला. ते निघून गेल्यावर मल्लप्पा म्हणाला, "कामून असं बोललास रे? मारलं असतं की!"

हबीब म्हणाला, "ब्लॅडर बदलना पडेगा."

*

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि थोड्या दिवसांत आमचा देश संपला. खाकीवाले पळाले. त्यांच्यावरचा राग मग ज्यांनी काही केलं नव्हतं अशा मुसलमानांवर निघायला लागला. हबीबचे आईवडील हैदराबादला अडकलेले, हा बिदरात एकटा. मल्लप्पा त्याला घेऊन कमठाण्याला आला. मीही बरोबर होतो.

मल्लप्पाच्या आईनं, अव्वानं, हबीबला धोतर नेसायला दिलं आणि स्वतःच्या हातानं कपाळावर विभूती लावली. "कोण आलं तर बोलू नको," एवढंच म्हणाली.

दुपारी आलेच. पंधरा-वीस माणसं, हातात कोयते, कुऱ्हाडी. गावातलं ओळखीचं एकही नाही. अंगणात आम्ही तिघं उभे. अव्वा उंबऱ्यात.

पुढचा माणूस उंच, डोक्याला लाल पटका. त्यानं हबीबकडं बोट केलं.

"ह्यो कोण?"

"माझा थोरला," अव्वा म्हणाली.

तो माणूस हबीबच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला. चेहरा बघितला. खांदे बघितले. हात बघितले. मल्लप्पाचा हात भिंतीला टेकवलेल्या पहारीकडं सरकला. मागून कुणीतरी ओरडलं, "काय बघायलास एवढं? वळखतोस का?"

"व्हय," तो म्हणाला. "चांगला वळखतो."

अव्वा उंबऱ्यातून पुढं आली.

तो गर्दीकडं वळला. "म्हातारीचा पोरगाच हाय ह्यो. चला फुडं!"

माणसं कुरकुरत निघाली. तो सगळ्यांत शेवटी. फाटकापाशी थांबला, मागं वळला आणि हबीबला म्हणाला,

"शॉट मारताना कोपर भाईर जायलंय तुझं. आत घे."