पोरीला झेपेल असा लॅपटॉप

परवा एका दुकानात नव्या लॅपटॉपचं खोकं उघडलं, थर्माकोलचा वास आला आणि मी पहिला लॅपटॉप घेतला ते छावणी भागातलं जुनं दुकान आठवलं. त्या उन्हाळ्यात आमच्या पडेगावात टँकर आला तरच पाणी मिळायचं, आणि आमच्या आजूबाजूला नव्या इमारती मात्र उठतच होत्या. मी सिव्हिलच्या डिप्लोमाला होते, नकाशे काढायला लॅपटॉप हवा होता. सोबत आलेल्या मामानं दुकानदाराला आधीच सांगून टाकलं, "पोरीला झेपेल असा हलका दाखवा." दुकानदारानं एक गुलाबी, पातळ लॅपटॉप पुढं केला. मी पेनड्राइव्ह लावून माझा इमारतीचा नकाशा उघडला, तर स्क्रीन तिथंच अडकली. "तो काळा दाखवा," मी म्हणाले. तो सेकंडहँड होता, विटेसारखा जाड, पण भाव तोच आणि नकाशा त्याच्यावर सरसर फिरला. मामा म्हणाला, "लई जड हाये. रोज बसनं कसा नेशील? खांदा दुखंल." मी म्हणाले, "मामा, टँकरवरून हंडे कोण आणतं? एक डोक्यावर, एक कमरेवर. तेव्हा नाय कुणी विचारलं, झेपतं का म्हणून." दुकानदार उगाच केबल गुंडाळत राहिला. घरी येईपर्यंत तो काळा लॅपटॉप मी मामाला धरू दिला नाही. परवाच्या दुकानातला विकणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, हा एकदम लाइट आहे, लेडीजसाठी बेस्ट." मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला.