रेडिएटरला दिलेले दोन हात

१९७१च्या उन्हाळ्यात माझी पोस्टिंग नगरला होती. मी फौजेत हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. कोर्समध्ये पहिला आलेलो, त्यामुळे माणसांशी नीट बोलणं मला कमीपणाचं वाटे. ड्रायव्हर म्हणजे स्टिअरिंगमागं ठेवलेलं मडकं, हे माझं तेव्हाचं ठाम मत.

त्यातलं एक मडकं सिपाही दगडू, जामखेडकडचा. त्याची बढती, लान्स नाईकची फीत, ठरली होती. ऑर्डर तेवढी निघायची होती.

युनिटच्या वार्षिक इन्स्पेक्शननंतर चौथ्या दिवशी त्याचा डिझेल थ्री-टनर ट्रक फायरिंग रेंजच्या चढाला उकळला. पाचव्या दिवशीही. मी पाणी पाहिलं, फॅन बेल्ट दाबून पाहिला. थर्मोस्टॅट काढून कढत पाण्याच्या मगात सोडला, बरोबर उघडला. वॉटर पंप ठीक. म्हणजे दोष मडक्यातच. रिपोर्ट लिहिला : ड्रायव्हरने पाणी कमी असताना गाडी चालवली. खाली झोकदार सही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मेजरसाहेबांपुढे त्याची पेशी, म्हणजे चौकशी, होती. दहाला दगडू आला.

"उस्ताद, पानी मी रोज बघतो. गाडीला वारं लागंना, असं वाटतंय."

"तुला वाऱ्यातलं काय कळतं रे?"

"धान्य उफनताना वारं पडलं की कळतंच की."

मी हसलो. त्यानं इंजिन चालू केलं आणि वर्तमानपत्राचं पान रेडिएटरच्या तोंडाला लावलं. पंख्याच्या ओढीनं ते चिकटून राहायला हवं होतं. ते माझ्या बुटावर पडलं.

दगडूनं जाळी नखानं खरवडली. हिरव्या रंगाचा पापुद्रा निघाला. सगळ्या फटी बुजलेल्या. इन्स्पेक्शनला चकाकावं म्हणून मीच तो रंग दिला होता, दोन हात. डबा दगडूनं धरला होता.

अकराला मी खरा दोष सांगितला. मेजरसाहेबांनी विचारलं, "रंग किसने लगाया?"

कोर्समध्ये पहिला आलेला माणूस भिंतीवरचा नकाशा पाहू लागला.

"गाडी किसकी है?"

"मेरी, साब," दगडू म्हणाला.

फीत गेली.

बाहेर येऊन तो म्हणाला, "उस्ताद, तारेचा ब्रश द्या. तीनला रेंजवर जायचंय." दोघांनी मिळून रंग खरवडला. गाडी पुन्हा तापली नाही.

डिसेंबरात पश्चिम सीमेवर दारूगोळा नेताना सकाळी सहा चाळीसला त्याच्या गाडीजवळ शेल पडला. गाडी ओढून आणायला मीच गेलो. रेडिएटर शाबूत होता.

घरी ही गोष्ट सांगताना कागद बुटावर पडतो तिथं पोरं हसतात. मी बहुतेक वेळा तिथंच थांबतो.

युनिटच्या स्मृतिफलकावर त्याचं नाव आहे. नावाआधी 'लान्स नाईक' नाही, 'सिपाही' लिहिलंय. तेवढा शब्द माझा.